टॅलीचं अ‍ॅड-ऑन: एकदाच पैसे मोजून घ्यावं की दरवर्षी भरत राहावं?

ताणाबाणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. लूम वडील आणि काका बघतात. बिलं, ई-वे बिल, बँक, जीएसटी माझ्याकडे. म्हणजे मी एसीत बसून बटणं दाबतो, असं दोघांचं ठाम मत आहे. (एसी नाही. पंखा आहे.)

हिशेबाला टॅलीप्राइम सिल्व्हर आहे, कायमचं लायसन. तरी काही कामांना एक्सेलच्या शीट सांभाळाव्या लागतात. पॅकिंग लिस्ट, म्हणजे कुठल्या गाठीत कुठल्या साइजचे किती डझन, निव्वळ वजन किती, एकूण किती. मग डाइंगला गेलेलं सूत आणि परत आलेलं सूत यांचा पार्टीवार मेळ, घटीसकट. आणि तिसरं म्हणजे माल मोजायचा डझनात, पण काही पार्ट्यांना बिल किलोवर. शीट एक, टॅली दुसरं सांगतं आणि महिनाअखेरीला दोघांची भांडणं मी सोडवतो.

एका टीडीएलवाल्याने (टीडीएल म्हणजे टॅलीत नव्या सोयी घालायची भाषा, त्यात लिहिलेल्या अ‍ॅड-ऑनलाही टीडीएलच म्हणतात) तिन्हींचं मिळून अ‍ॅड-ऑन द्यायची तयारी दाखवली आहे. भाव दोन. एकरकमी १५,००० अधिक जीएसटी, 'आहे तसं', पुढे बदल लागला तर त्याचे वेगळे पैसे. नाहीतर वर्षाला ५,००० अधिक जीएसटी, त्यात अपडेट आणि फोनवर मदत.

काका म्हणतात, "एकदाच देऊन टाक आणि मोकळा हो." वडील म्हणतात, "पहिल्या वर्षी पाचच जाऊ देत, नाही पटलं तर सोडून देऊ." तिसऱ्या वर्षी बरोबरी होते एवढं मलाही कळतं, पण हिशेब इतका सरळ नसावा असं वाटतंय. टॅली, कोरल, वेबसाइट, कशाचंही अ‍ॅड-ऑन घेतलेल्यांनी पुढे काय झालं ते लिहा.

गड्ड्यावरचा

वाचतोय. पंखा एकरकमी घेतलाय की त्याचीही वार्षिक वर्गणी आहे?

पिक्सेलपाटील

काकांशी सहमत, डोळे झाकून.

नवी पेठेत पत्रिका, हँडबिल, फ्लेक्सचं दुकान आहे. आमचा धंदा लग्नसराई, गड्ड्याची जत्रा, गणपती आणि निवडणूक यांच्यावर. जुलैत दिवसभर वर्तमानपत्र वाचून होतं. वर्गणीला मात्र जुलै-ऑगस्ट काही कळत नाही, ती आपली तारखेला हजर.

अ‍ॅडोबने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की इथून पुढे नवीन काही हवं असेल तर क्रिएटिव्ह क्लाउडची वर्गणी भरा. त्यांचा एकरकमी मिळणारा शेवटचा संच सीएस६, तो २०१२ चा. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवीन कायमची लायसन विकणं बंद केलं, स्केचअपने २०२० मध्ये. एकदा सगळ्यांनी हा रस्ता धरला की गिऱ्हाइकाला निवड उरत नाही. तुम्हाला अजून कुणी दोन भाव देतंय हे नशीब समजा आणि १५ हजार टाकून मोकळे व्हा.

कीबोर्डबहाद्दर

मी टीडीएल लिहितो. धागाकर्त्याला भाव देणारा मी नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पाटील, तुम्ही ज्यांची नावं घेतली त्या हजारो माणसांच्या कंपन्या आहेत. टीडीएल लिहिणारा बहुतेक वेळा एकटा असतो, फार तर हाताखाली एक पोरगं. पॅकिंग लिस्ट लिहायला जेवढा वेळ जातो त्याच्या कितीतरी पट पुढची वर्षं फोन उचलण्यात जातो.

नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं, आधीच्या टॅली ईआरपी ९ साठी लिहिलेलं बरंच काही पुन्हा जुळवावं लागलं. २०२३ मध्ये टॅलीप्राइम ३.० आलं, एका कंपनीत अनेक जीएसटी नोंदण्या ठेवायची सोय झाली आणि जीएसटीचा सगळा भाग आतून बदलला. ज्या टीडीएल त्या भागाला हात लावत होत्या त्या पुन्हा लिहिल्या. सरकारचं आणखी वेगळं. ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं तेव्हा आपल्याकडे कुणाच्या गावीही नव्हतं. १ ऑगस्ट २०२३ पासून मर्यादा ५ कोटींवर आली आणि एमआयडीसीतले निम्मे फोन माझ्याकडे. मे २०२५ च्या जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) पासून त्यातल्या एचएसएनच्या, म्हणजे मालाच्या कोडच्या, तक्त्याचे दोन भाग झाले, नोंदणीवाल्यांची विक्री वेगळी, बिगरनोंदणीची वेगळी. की पुन्हा फोन.

आणि प्रत्येक फोनवर एकच वाक्य: "तुम्हीच दिलं होतं ना, मग नीट करून द्या." एकदा १५ हजार घेऊन मी जन्माचा बांधला जातो, याचा हिशेब कुणी करत नाही.

पिक्सेलपाटील

बहाद्दर, तुमचं दुःख कळतं. पण गाठीत किती डझन टॉवेल आहेत याच्याशी जीएसटी कौन्सिलचा काय संबंध? डझन म्हणजे बारा, हे अजून कुठल्या अधिसूचनेत बदललेलं नाही.

गड्ड्यावरचा

हळू बोला पाटील, ऐकतील कुणीतरी.

कीबोर्डबहाद्दर

हा मुद्दा बरोबर आहे. वजनाला आणि डझनाला सरकार हात लावत नाही, पण टॅलीची नवी रिलीज लावू शकते. अर्थात दर रिलीजला सगळं मोडतं असंही नाही, निव्वळ रिपोर्ट किंवा छपाईची टीडीएल वर्षानुवर्षं तशीच चालते. जी जीएसटीत किंवा व्हाउचरच्या एंट्रीत घुसते ती बिघडते.

मुग्धा_जुळे_सोलापूर

मी वेबसाइट बनवते, म्हणजे माझं सगळं पोट वर्डप्रेसच्या प्लगिनवर. तिथे जवळपास सगळं वार्षिक आहे, तरी मला त्याचा त्रास होत नाही. कारण वर्डप्रेस जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे आणि विकत मिळणारी बहुतेक प्लगिनंही त्याच परवान्याने येतात. वर्ष संपलं, नूतनीकरण नाही केलं, तरी साइटवरचं प्लगिन चालू राहतं. थांबतात त्या अपडेट आणि मदत. सुरक्षेची अपडेट थांबणं हे काही कमी नाही, विशेषतः साइटवर पैसे घेत असाल तर. पण निदान सकाळी उठून दुकान बंद दिसत नाही.

म्हणून धागाकर्त्याने पाच की पंधरा याच्याआधी विचारायचा प्रश्न हा: मी पैसे भरायचं थांबवलं तर नेमकं काय थांबतं? वार्षिक अ‍ॅड-ऑन तारीख उलटली की स्वतःला कुलूप घालतं का? तसं असेल तर पाच हजारही महाग. तसं नसेल तर वडिलांचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

अण्णा_विजापूर_रोड

मुग्धाताई, वर्गणी म्हणजे दुधाचा रतीब. पैसे थांबवले की दूध थांबणार. त्यात चूक काय?

गड्ड्यावरचा

अण्णा, रतीब बंद केला म्हणून गवळी काल लावलेलं विरजण परत न्यायला घरात शिरत नाही.

मुग्धा_जुळे_सोलापूर

हेच म्हणायचं होतं, गड्ड्यावरच्याने एका ओळीत उरकलं.

अण्णा_विजापूर_रोड

बरं बे. शब्द मागे.

जेकार्ड

एकरकमीवाल्यांसाठी आमच्या घरची हकीकत.

चादरीची डिझाइनं करतो. जेकार्डचं, म्हणजे विणायची नक्षी आखायचं, सॉफ्टवेअर वडिलांनी फार पूर्वी एकरकमी घेतलं, त्या काळात पोटाला चिमटा काढून. आजही त्यावर काम होतं. इतक्या वर्षांत महिन्याचा एक रुपया कुणाला दिलेला नाही. हा झाला फायदा.

आता दुसरी बाजू. ते चालतं विंडोज एक्सपीवर, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केला. त्याचं डोंगल, म्हणजे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ती किल्ली, लागतं कॉम्प्युटरच्या मागच्या जुन्या, रुंद, प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला. तसा पोर्ट असलेला मदरबोर्ड दिसला की मी भाव न करता उचलतो. विकणाऱ्या कंपनीचा फोन लागत नाही. मशीन इंटरनेटला जोडायचं नाही, पेनड्राइव्हही तपासल्याशिवाय लावायचा नाही. आणि डोंगल गेलं तर सगळी जुनी डिझाइनं त्या फाइलच्या प्रकारात अडकलेली. सध्या ती एकेक करून चित्र म्हणून बाहेर काढून ठेवतोय, पण चित्रातून वीण परत मिळत नाही, ती पुन्हा भरावी लागते.

'कायमचं' हे लायसनवर लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर, खिडक्या आणि कंपन्या यांच्यावर लिहिलेलं नसतं.

पिक्सेलपाटील

जेकार्डभाऊ, पण वर्गणीवर असता तर कंपनी बंद पडली त्याच महिन्यात तुमचंही काम बंद पडलं असतं. डोंगलच्या भरवशावर का होईना, आज डिझाइन निघतंय ना?

जेकार्ड

निघतंय. म्हणूनच मी कुठल्या बाजूला आहे ते लिहिलं नाही.

घसारा_शेठ

करांचा भाग कुणी लिहीत नाही म्हणून मी.

एकरकमी घेतलेलं सॉफ्टवेअर साधारणपणे मालमत्ता धरलं जातं आणि कॉम्प्युटरच्या गटात ४० टक्के घसारा मिळतो, तोही घटत्या शिलकीवर. १५,००० वर पहिल्या वर्षी ६,०००, दुसऱ्या वर्षी ३,६००, तिसऱ्या वर्षी २,१६०. तीन वर्षांत खर्ची पडले ११,७६०. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला, म्हणजे ऑक्टोबरचे पहिले काही दिवस उलटल्यावर घेतलं, तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच. वार्षिक ५,००० मात्र त्या त्या वर्षी पूर्ण खर्च, तीन वर्षांत पूर्ण १५,०००.

जीएसटी १८ टक्के दोन्हीकडे. नियमित नोंदणी असेल तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून २,७०० की दरवर्षी ९०० याने फरक पडत नाही. कंपोझिशनवाल्याला (छोट्यांसाठीची ठोक दराची जीएसटी योजना) क्रेडिट नाही, त्याने १७,७०० आणि ५,९०० असेच आकडे धरावेत.

एवढ्या रकमेवर करातला फरक किरकोळ आहे. त्यावरून निर्णय घेऊ नका. पण पावती मात्र घ्या. टीडीएलचे पैसे रोखीत, बिल नाही, असा प्रकार आपल्याकडे फार. बिल नाही म्हणजे क्रेडिट नाही, खर्च नाही आणि उद्या भांडायला कागदही नाही.

कीबोर्डबहाद्दर

शेठ, बिल मागितलं की "जीएसटी वरून कशाला" म्हणणारे गिऱ्हाईकच असतात. हेही लिहा की.

घसारा_शेठ

लिहिलं समजा.

षड्ज

विषय थोडा लांबचा, पण गंमत म्हणून. छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे, भक्तिगीतं, शाळेची गाणी, गणपतीत मंडळांची गाणी. ध्वनीच्या प्लगिनांत वेव्ह्ज हे मोठं नाव. २०२३ च्या मार्चअखेरीस त्यांनी जाहीर केलं की आता कायमची विक्री बंद, फक्त वर्गणी. जगभरच्या ध्वनिवाल्यांनी असा काही गोंधळ घातला की काही दिवसांतच त्यांनी माघार घेतली आणि कायमची विक्री परत सुरू केली, वर्गणी शेजारी ठेवून.

उलट टोकाला एफएल स्टुडिओ. एकदा घ्या, पुढच्या सगळ्या अपडेट जन्मभर फुकट. वर्षानुवर्षं चालवतायत, बुडालेले नाहीत.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. रोज लागतं ते विकत घेतो. एखाद्या कामापुरतं लागणारं महिन्याच्या भाड्याने घेतो, काम झालं की बंद. अडचण बंद करण्यातच आहे. एका प्लगिनची वर्गणी थांबवायचं बटण सापडेपर्यंत पुढचा महिना कापला गेला होता.

पुण्यातला_सोलापूरकर

षड्ज, निदान भारतात राहतोस म्हणून थोडं वाचतोस. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते, आणि ठरावीक रकमेच्या वर प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. ती मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. सूचना वाचायचं काम मात्र आपलं.

माझा मुद्दा वेगळा. प्रोग्रामिंगची साधनं विकणाऱ्या जेटब्रेन्सने २०१५ च्या सप्टेंबरमध्ये वर्गणी जाहीर केली. आम्ही सगळे चिडलो. मग त्यांनी मधला मार्ग काढला: सलग १२ महिने पैसे भरलेत की त्या १२ महिन्यांच्या सुरुवातीला जी आवृत्ती होती ती तुमची कायमची. पुढे भरणं थांबवलं तरी ती चालत राहते. मला आजवर पाहिलेल्यातली ही सगळ्यात सरळ व्यवस्था वाटते. विकणाऱ्याला दरवर्षी काहीतरी नवं द्यावंसं वाटतं आणि घेणारा रस्त्यावर येत नाही.

धागाकर्त्याने टीडीएलवाल्याला हेच विचारावं. वर्षाला ५,००० देतो, पण एक वर्ष भरल्यावर आहे ते माझं.

अवांतर: शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने येतोय. कुणी शेंगाचटणी कुठल्या दुकानाची घ्यावी यावर भांडू नका, मी घरचीच नेतो.

अण्णा_विजापूर_रोड

घरची? म्हणजे आईने उखळात कुटलेली की मिक्सरची? मिक्सरची असेल तर पुण्यातच मिळेल.

पुण्यातला_सोलापूरकर

उखळातली. अण्णा, विषयावर या.

लेजरमावशी

मार्केट यार्डातल्या आणि चाटी गल्लीतल्या काही पेढ्यांची खाती लिहिते. धागा सकाळपासून वाचतेय आणि एक प्रश्न कुणीच विचारला नाही याचं नवल वाटलं. तिन्ही कामांना अ‍ॅड-ऑन लागतंच का?

बाळा ताणाबाणा, तिसरं काम टॅलीतच आहे. वस्तूच्या मास्टरमध्ये एफ१२ दाबून पर्यायी एकक चालू कर. मुख्य एकक डझन, पर्यायी किलो, आणि एका डझनाला अंदाजे किती किलो ते भर. बिल करताना त्या मालाचं खरं वजन टाकता येतं आणि दर 'प्रति किलो' लावता येतो. साठा डझनात कमी होतो, बिल किलोवर निघतं.

दुसरं बरंचसं आहे. एफ११ मध्ये जॉब ऑर्डर प्रोसेसिंग चालू केलं की मटेरियल आउट आणि मटेरियल इन ही व्हाउचरं मिळतात. डाइंगवाल्याच्या नावाचं गोडाउन करायचं, सूत तिकडे पाठवायचं, परत आलं की घ्यायचं. कुणाकडे किती सूत पडून आहे ते एका नजरेत दिसतं. घटीचा पार्टीवार रिपोर्ट तुला हवा तसा निघणार नाही, तो अजूनही एक्सेलला काढूनच करावा लागेल.

गाठीनिहाय पॅकिंग लिस्ट मात्र खरंच नाही. तेवढ्यापुरतं अ‍ॅड-ऑन घे, आणि भाव तेवढ्यापुरताच दे.

गड्ड्यावरचा

मावशींनी एका पोस्टमध्ये दहा हजार वाचवले. बहाद्दर, बोला.

कीबोर्डबहाद्दर

मावशी बरोबर सांगतायत. आमच्या धंद्यातले काही लोक टॅलीत असलेली गोष्टही टीडीएल म्हणून विकतात. कधी ठाऊक नसतं म्हणून, कधी ठाऊक असतं म्हणून.

आता पॅकिंग लिस्टच उरली आहे तर तीन गोष्टी विचारून घ्या, आमची बिरादरी शिव्या घालेल तरी सांगतो. पहिली, फाइल टीसीपी देणार की सोर्स, म्हणजे मूळ कोड? टीसीपी म्हणजे बंद फाइल, त्यात दुसरा कुणी बदल करू शकत नाही. सोर्स दिला तर उद्या मी नाही तर दुसरा करेल. मी स्वतः सोर्सचे पैसे जास्त घेतो आणि ते रास्त आहे असं माझं मत आहे. दुसरी, ती तुमच्या टॅली सीरियल नंबरला बांधलेली आहे का आणि आत तारखेचं कुलूप आहे का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि कुणी विचारत नाही: गाठींचे आकडे कुठे साठतात? टीडीएल स्वतःचे नवीन रकाने तयार करते, त्यांना यूडीएफ म्हणतात. त्यात भरलेला डेटा तुमच्याच कंपनीच्या फाइलमध्ये राहतो, पण टीडीएल काढली की तो दिसेनासा होतो. म्हणजे वर्गणी संपून टीडीएल बंद झाली तर गेल्या वर्षीची पॅकिंग लिस्ट आहे पण छापता येत नाही, अशी अवस्था. आणि दोन वेगळ्या लोकांच्या टीडीएलने एकच यूडीएफ क्रमांक वापरला तर आकडे एकमेकांत घुसतात, ते निस्तरायला माझ्याकडे येतात. म्हणून यूडीएफची यादी लेखी मागा.

मुग्धा_जुळे_सोलापूर

यूडीएफचं माहीत नव्हतं. हे तर कुलपाहून वाईट. डेटा आपला, आपल्याच मशीनवर, आणि बघायला भाडं.

पिक्सेलपाटील

मी काय म्हणत होतो?

कीबोर्डबहाद्दर

पाटील, एकरकमी बंद टीसीपीलाही हे तितकंच लागू आहे. नवीन रिलीजवर ती चालली नाही आणि मी फोन उचलला नाही, की तुमचा डेटा तसाच अंधारात.

पिक्सेलपाटील

मग सोर्ससकट एकरकमी. संपला वाद.

कीबोर्डबहाद्दर

सोर्स हातात आहे म्हणून ती दुरुस्त करणारा हातात आहे असं नाही. दुसऱ्याची टीडीएल वाचण्यापेक्षा नवीन लिहायला मी कमी पैसे घेतो.

घसारा_शेठ

हे दोघं आता रात्री बारापर्यंत चालणार. मी झोपतो.

ताणाबाणा

धन्यवाद मंडळी. दोन-तीन दिवस वाचून, करून बघून मग लिहितोय.

मावशी, पर्यायी एकक चालू केलं. किलोवरचं पहिलं बिल आज निघालं. काकांनी वजनकाट्याचा आकडा आणि बिलाचा आकडा दोनदा ताडून बघितला आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत आहे. मटेरियल आउट-इन एका डाइंगवाल्यापुरतं सुरू केलंय, बाकीच्यांचं नवीन आर्थिक वर्षापासून, मध्येच शिल्लक साठा उचलायचा कंटाळा आलाय.

टीडीएलवाल्याशी बोललो. फक्त पॅकिंग लिस्टचे त्याने एकरकमी ६,०००, वार्षिक २,५०० सांगितले. मी बहाद्दरांची यादी पुढे केली. यूडीएफचं ऐकून त्याने आधी विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तारखेचं कुलूप वार्षिकमध्ये आहे, हे त्याने सरळ कबूल केलं. जेटब्रेन्सवाली अट त्याला पटली नाही, म्हणाला एक वर्ष भरून सगळे पळून जातील. सोर्सलाही नाही म्हणाला. शेवटी ठरलं ते असं: ६,००० एकरकमी, कुलूप नाही, यूडीएफची यादी बिलाच्या मागे लिहून, आणि सगळ्या गाठी एक्सेलला काढायचं एक बटण त्यात वाढवून. नवीन रिलीजवर चाललं नाही तर त्या वेळी १,५०० देऊन दुरुस्ती, आधी दर ठरलेला. बिल जीएसटीसकट.

वडिलांना वाटतं त्यांचं ऐकलं नाही. काकांना वाटतं त्यांचं ऐकलं.

पुण्यातला_सोलापूरकर

एक्सेलचं बटण भारी मागितलंस. उद्या काही झालं तरी आकडे तुझ्याकडे.

कीबोर्डबहाद्दर

दर रिलीजला १,५०० तो कसा परवडवणार ते मला बघायचंय. तुमच्यासाठी चांगला सौदा आहे, त्याच्यासाठी नाही. दोन वर्षांनी त्याने फोन उचलला नाही तर रागावू नका.

ताणाबाणा

म्हणून तर बटण मागितलं. अजून एक शंका. माझं टीएसएस, म्हणजे टॅलीची अपडेट आणि ऑनलाइन सोयींची वार्षिक वर्गणी, मार्चमध्ये संपतंय, मागच्या वेळी ४,५०० अधिक जीएसटी भरले होते. ते नाही भरलं तर ही टीडीएल चालेल का? आधी लायसन कायमचं, मग त्यावर वार्षिक, मग त्यावर टीडीएल, असं थरावर थर होतंय.

लेजरमावशी

टॅली चालेल, तुझ्या फाइलमधली टीडीएलही चालेल. टीएसएस संपेपर्यंत आलेल्या रिलीजवर थांबायचं, पुढची घ्यायची नाही. पण टॅलीतून थेट जीएसटी पोर्टलला आणि बँकेला जोडणाऱ्या सोयी टीएसएसशिवाय मिळत नाहीत. तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे का? असेल तर टीएसएस सोडू नकोस, ई-इनव्हॉइस हाताने पोर्टलवर चढवत बसशील. खाली असेल तर एक वर्ष थांबून बघायला हरकत नाही. आमच्या दोन पेढ्या तशाच चालू आहेत.

ताणाबाणा

खाली आहे. पण काका यंदा अजून दोन लूम टाकतायत.

लेजरमावशी

मग भर.

अण्णा_विजापूर_रोड

टीडीएलवाल्याचा नंबर व्यनि कराल का? आमच्या युनिफॉर्मच्या कारखान्यालाही साइजनिहाय पॅकिंग लिस्ट हवी आहे. आणि तो एक्सेल बटणाचे वेगळे पैसे लावतो का?

ताणाबाणा

व्यनि केलाय अण्णा. बटणाचे मला लावले नाहीत, पण तुम्हाला लावेल असं वाटतं. आधी साइज-रंगाचे किती प्रकार आहेत ते मोजून जा, तो पहिलं तेच विचारतो.